लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळावरचे विद्यालय

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या लहानशा गावाने महाराष्ट्राला दोन किर्लोस्कर दिले. संगीत नाटकाचे आद्य शिल्पकार अण्णासाहेब हे एक. दुसरे लक्ष्मण काशिनाथ. त्यांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाची ओढ मात्र रंग आणि यंत्रे यांच्याकडे. चित्रकार व्हावे म्हणून लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि तेथे ध्यानात आले की, त्यांना सर्व रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांनी दगा दिला. रेषांनी दिला नाही. यंत्रांची रेखाटने शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ४५ रुपये वेतनावर शिक्षक झाले. पुढे बढतीचा हक्क असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगावची वाट धरली.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकल विकावी आणि १५ रुपये घेऊन ती चालविण्यासही शिकवावे, असा तो व्यवसाय. शिकविणे हा त्यांचा पिंड दुकानदारीतही लपला नाही. कडबा कापण्याच्या यंत्रामागोमाग त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली! तशात नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली.

त्या प्रसंगी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीनही दिली. जमीन कसली, निवडुंगाने व्यापलेला ओसाड माळ तो! १९१० साली लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तेथे उतरले.

यंत्रे आणता येत होती. माणसे कोठून आणावीत? मुंबईचा कसबी कारागीर या माळावर येणार नव्हता, आणि आला तरी टिकणार नव्हता. ज्या हातांनी आजवर मोट आणि कुऱ्हाड एवढेच धरले, त्यांना कानस, लेथ आणि ओतकाम शिकविणे एवढाच मार्ग उरला. मार्ग खर्चाचा होता. शिकाऊ हाताने बिघडविलेला प्रत्येक ओतीव भाग मालकाच्याच पदरी पडावयाचा. तरीही त्यांनी तो पत्करला. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले. येथे ते कल्पक अभियंते ठरले. शंभोराव जांभेकर कारखान्यातील पडेल ते काम अंगावर घेत, तर वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे.

पण खरी कसोटी वेगळीच होती. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले गडी. त्यांना लक्ष्मणरावांनी वसाहतीचे राखणदार नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावीत, त्यांच्याच हाती दारे सोपविण्यात केवळ भूतदया नव्हती, माणसाची पारखही होती. आणि ती पारख चुकली नाही. त्या काळी गावोगाव उघडपणे पाळली जाणारी अस्पृश्यता वसाहतीत मानली जात नसे, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या गावावर मालकाची वडीलधारी सत्ता होती, हे नाकारता येत नाही. पण ती सत्ता माणसे घडविण्यासाठी राबली.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे हे वार्तापत्र पुढे मराठी घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन आले आणि नांगराच्या जोडीला पंप व इतर यंत्रे यांचा पसारा वाढला. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत वाडीही होरपळली. आयुष्यभर भोवतालच्या गावांतील माणसे घडविणाऱ्या वृद्धाच्या मनाला त्या ज्वाळांनी काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. कुंडल रोड हे रेल्वे स्थानकाचे नाव त्यापूर्वीच मागे पडले होते. पाटीवर किर्लोस्करवाडी हे नाव आले होते.