हवेच्या ब्रेकचे जनक वेस्टिंगहाऊस

अमेरिकेंत एके काळीं आगगाडी थांबवावयाची म्हणजे ब्रेकवाले नोकर डब्यांच्या टपांवरून धांवत जाऊन प्रत्येक डब्याच्या ब्रेकचें चाक हातानें आवळीत. बर्फांत ज्याचा पाय घसरला, तो संपलाच. ही अवस्था पालटणारे जॉर्ज वेस्टिंगहाऊस १८४६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत जन्मले. वयाचीं बावीस वर्षें नुकतीं पुरीं झालीं असतां, १८६९ सालीं, दाबलेल्या हवेच्या ब्रेकचें पेटंट त्यांनीं मिळविलें. सारी गाडी एकट्या एंजिनवाल्याच्या हातीं आली. पण हवेची नळी फुटली तर? १८७२ सालीं त्यांनीं युक्तीच उलटविली. हवेचा दाब आहे तोंवर ब्रेक सुटलेला राहावा, नळी फुटतांच तो आपोआप लागावा. खरें बुद्धिवैभव आमच्या मतें हेंच.

उतारूंच्या गाड्यांस हा ब्रेक लौकर लाभला, मालगाड्यांस नाहीं. खर्च मालकाचा आणि मरण नोकराचें; मग घाई कोणास? १८८७ सालीं पन्नास डब्यांच्या मालगाडीवरहि सुधारलेला ब्रेक चालतो, हें वेस्टिंगहाऊस यांनीं दाखविलें. तरी बहुतेक कंपन्या हालल्या नाहींत. अखेर १८९३ सालीं विधिमंडळानें कायदा केला. ब्रेकवाल्यानें हातचाकास हात न लावतां गाडीचा वेग एंजिनवाल्यास आवरतां आला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. त्यासहि कंपन्यांनीं १९०० सालापर्यंत मुदत वाढवून घेतली. वेस्टिंगहाऊस १९१४ सालीं निवर्तले.