डॉ. होमी भाभा : अणुशक्तीबरोबर देशाच्या कम्प्युटरचाही पाया घालणारा माणूस



३० ऑक्टोबर ही डॉ. होमी भाभांची जयंती. परिपाठात आपण त्यांना भारतीय अणुशक्तीचे जनक म्हणतो आणि पुढं जातो. पण आज आपण हजेरी, निकाल, पोषण आहार असं सगळं मोबाईलवर भरतो ना, त्या गोष्टीच्या मुळाशीही हा माणूस आहे. ती बाजू मुलांना फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

भाभांचा जन्म १९०९ साली मुंबईच्या पारशी कुटुंबात झाला. मुलानं इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं, अशी वडिलांची इच्छा. मुलाचं मन मात्र भौतिकशास्त्रात. केंब्रिजला त्यांनी आधी इंजिनिअरिंग चांगल्या गुणांनी पूर्ण केलं, मग आवडीचा विषय घेतला. पालकहो, इथं दोघांचाही समजूतदारपणा बघण्यासारखा आहे.

१९३९ मध्ये ते सुट्टीवर घरी आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाणं राहिलं. ते बंगळूरला शिकवू लागले. १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीनं त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. ती त्याच वर्षी मुंबईत आली. १९४८ मध्ये ते अणुशक्ती आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी कम्प्युटर म्हणजे खोली भरेल एवढी मशीन. कोलकात्यात प्रा. महालनोबिस यांनी आकडेमोडीसाठी विदेशातून मशीन आणली. भाभांनी आपल्या संस्थेत ती बनवायला तरुणांना लावलं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील या तरुणांनी आधी कधी कम्प्युटर बनवलेला नव्हता. १९५६ मध्ये छोटा नमुना चालला आणि १९६० मध्ये पूर्ण मशीन सुरू झाली. तिच्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. माहिती द्यायची ती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून! १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं नाव ठेवलं, टिफ्रॅक.

सरकारनं पैसा आणि विश्वास दिला, म्हणून मशीन झाली. इथं धोरणानं तंत्रज्ञान घडवलं. पुढं उलटंही झालं. १९६२ च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्सची उणीव जाणवली. १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या माणसांना हे काम जमतं, हा अनुभव तोवर गाठीशी होता. समितीचा भर देशातच उत्पादन करण्यावर राहिला.

अहवाल १९६६ मध्ये आला, पण त्याच वर्षी २४ जानेवारीला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभा गेले होते. पुढं १९६७ मध्ये हैदराबादला सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी निघाली, १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग झाला, १९७६ मध्ये एनआयसी उभी राहिली. आज जिल्ह्याजिल्ह्याचं सरकारी ऑनलाइन काम एनआयसी सांभाळते, आपल्या गडचिरोलीचंही.

पण सगळं सरळ झालं नाही. कम्प्युटर नोकऱ्या खाईल, ही भीती कामगार संघटनांना होती. आयातीवर कडक बंधनं होती. त्यामुळे कम्प्युटर सामान्य माणसापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. धोरण तंत्रज्ञानाला पुढं नेतं, तसं अडवूनही धरतं.

हे आपल्याला का कळायला हवं? आरमोरीसारख्या तालुक्यात जंगलाकडच्या गावात रेंज मिळत नाही, तरी माहिती ऑनलाइनच भरायची असते. मग शिक्षक मोबाईल घेऊन उंच जागा शोधत फिरतो आणि तेवढा वेळ वर्ग गुरुजींविना बसतो. आधी माणसं तयार करायची, साधन पोचवायचं आणि मग नियम करायचा, हा क्रम भाभांच्या कामातून शिकावा असं मला वाटतं.

वर्गात हे करून बघा : कागदाची लांब पट्टी घ्या. प्रत्येक अक्षरासाठी 'भोक' आणि 'भोक नाही' असा संकेत ठरवा. मुलांना आपापलं नाव पट्टीवर पाडू द्या आणि दुसऱ्या गटाला वाचायला सांगा. कम्प्युटर माहिती कशी घेतो, हे चौथीच्या मुलालाही समजतं. मग विचारा : गावासाठी एक मशीन आणायची झाली तर कोणती आणाल, आणि तिच्यासाठी नियम काय कराल?

मुलांची उत्तरं वहीत जरूर लिहून ठेवा.