जलपुत्राचा जनक : बिल एव्हरेट

पाण्यावर हुकमत असलेला वीर आणि बर्फावर हुकमत असलेला वीर समोरासमोर उभे ठाकले, तर जिंकेल कोण? चित्रकथांच्या वाचकांत हा वाद अनेक दशके रंगत आला आहे. कुणी बळ मोजतो, कुणी वेग. अशा पात्रांपैकी सर्वांत जुन्या जलवीराला जन्म देणारे अमेरिकी चित्रकार बिल एव्हरेट यांचे आयुष्य पाहिले, म्हणजे या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी मिळते.

विल्यम ब्लेक एव्हरेट यांचा जन्म १८ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांना क्षयाने गाठले. कोरडी हवा मानवेल, म्हणून कुटुंब त्यांना घेऊन अ‍ॅरिझोनात गेले. दारूची सवयही कोवळ्या वयातच लागली आणि पुढे ती अनेक वर्षे सुटली नाही. बॉस्टनच्या व्हेस्पर जॉर्ज कलाशाळेत काही काळ शिक्षण घेऊन त्यांनी वृत्तपत्रांत चित्रकाराची नोकरी धरली आणि १९३८च्या सुमारास नव्यानेच बहरू लागलेल्या चित्रकथांच्या व्यवसायात पाऊल टाकले.

१९३९ साली चित्रपटगृहांत फुकट वाटण्यासाठी एक चित्रकथा-साप्ताहिक काढण्याचा बेत ठरला. त्यासाठी एव्हरेट यांनी नेमॉर ऊर्फ सब-मरिनर या पात्राची आठ पानांची कथा रचली. ‘रोमन’ हा शब्द इंग्रजीत उलटा लिहून त्यांनी हे नाव घडवले होते. साप्ताहिकाचा बेत फसला. पण चार पानांची भर पडून तीच कथा त्याच वर्षी ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात प्रसिद्ध झाली. नेमॉर हा दक्षिण ध्रुवाजवळच्या सागरतळातील राजकन्येचा आणि एका अमेरिकी जहाजाच्या कप्तानाचा पुत्र. त्या जहाजाने केलेल्या स्फोटांत सागरतळीचे लोक मारले गेलेले असतात. त्यामुळे हा नायक माणसांचा रक्षक म्हणून येत नाही. तो सूड उगवायला येतो. पडद्यावरचे सारे वीर सज्जन असण्याच्या त्या काळात हे धाडसच होते.

त्याच अंकात एव्हरेट यांचे सहकारी कार्ल बर्गोस यांनी ‘ह्यूमन टॉर्च’ हा अग्निमानव आणला होता. १९४०च्या उन्हाळ्यात दोघांनी आपापली पात्रे परस्परांवर सोडली. ही झुंज अनेक पानांवर पसरली, पण तिचा निकाल लागला नाही. बेटी डीन या पोलीस तरुणीने मध्यस्थी केली आणि अवघ्या एका पानात तह झाला. पुढच्या वर्षी याच जोडीच्या साठ पानी झुंजीत नेमॉरने न्यूयॉर्क शहर पाण्याखाली बुडवले. अग्नी आणि जल या दोघांनाही न हरवता कथा कशी वाढवावी, याचा वस्तुपाठच या कथांनी घालून दिला.

त्याच काळात एव्हरेट यांनी दुसऱ्या एका प्रकाशकासाठी ‘हायड्रोमॅन’ निर्माण केला. त्याला स्वतःचे शरीर पाण्यात पालटता येई. तिसऱ्या प्रकाशकाच्या ‘ब्लू बोल्ट’ मासिकात त्यांनी ‘सब-झिरो’ या हिमवीराच्या कथाही काढल्या. म्हणजे जलपुत्र, जलदेही आणि हिमवीर हे तिघेही एकाच हाताने रेखाटले. मालक वेगळे असल्याने त्यांची गाठ मात्र कधी पडली नाही. कल्पनेत ती घालून पाहावी. ज्याचा देहच पाणी, तो हायड्रोमॅन गोठला की जागीच खिळेल. ध्रुवीय बर्फाखाली वाढलेल्या नेमॉरला थंडीचे भय नाही. पण हीच झुंज भर रस्त्यात लावली तर? पाण्यापासून दुरावला की नेमॉरचे बळ ओसरते, हा त्याच्याविषयी पुढे रूढ झालेला नियम. मग हिमवीराचे पारडे जड होईल. निकाल बळापेक्षा भूमीवर ठरतो.

हा नियम जणू एव्हरेट यांच्या आयुष्यालाही लागू पडला. १९४२ ते १९४६ ही वर्षे सैन्यात गेली. परतल्यावर त्यांनी नेमॉर पुन्हा हाती घेतला. परंतु १९५०च्या दशकात चित्रकथांचा धंदा बसला आणि त्यांना शुभेच्छापत्रांच्या व कागदाच्या कंपन्यांत नोकरी करावी लागली. पात्राचे हक्क प्रकाशकाकडेच होते. १९६२ साली स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी नेमॉरला पुन्हा वाचकांपुढे आणले. त्या कथेत तो न्यूयॉर्कमध्ये स्मृती हरवलेला एक बेवारस माणूस असतो आणि समुद्राच्या पाण्यात पडताच त्याला स्वतःची ओळख पटते.

एव्हरेट यांनाही परतायला वेळ लागला. १९६४ साली त्यांनी ली यांच्यासह ‘डेअरडेव्हिल’चा पहिला अंक साकारला, पण दिवसाची नोकरी सांभाळताना काम रखडले आणि शेवटचा हात इतरांना फिरवावा लागला. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या आधाराने त्यांनी दारू सोडली आणि त्याच वाटेवरच्या इतरांनाही हात दिला. १९७२ साली ‘सब-मरिनर’ मासिक पुन्हा त्यांच्याकडे आले. त्यांनी नेमॉरच्या कुळातील नेमोरिटा ही तरुणी कथेत आणली. हे सुख वर्षभरही टिकले नाही. २७ फेब्रुवारी १९७३ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२०२२ साली ‘ब्लॅक पँथर : वकांडा फॉरएव्हर’ या चित्रपटातून नेमॉर जगभरच्या प्रेक्षकांसमोर आला. त्याच्या भूमीचे आणि कुळाचे तपशील तेथे पार बदललेले होते. आपल्या पाण्यावर कुणी चालून आले की उफाळणारा त्याचा संताप मात्र एव्हरेट यांनी १९३९ साली रेखाटला होता, तोच होता.