भूक ठाऊक असलेली बाई

प्रियांनो, आजचं वाचन मार्क 12:28-31. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावरही. आपल्या बीडात टँकरच्या रांगेत शेजारी कोण ते लगेच कळतं, नाही का?

मला पंडिता रमाबाई आठवतात. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, बहीणही गेली. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. पैसे पाठवून भागलं असतं की! पण शेकडो उपाशी मुली, विधवा त्यांनी आपल्याकडे आणल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं अंध मुलींनाही शिकवलं. 5 एप्रिल 1922 रोजी बाई त्याच केडगावात वारल्या. मिशन आजही सुरू आहे.