अश्वविद्यापटू कै. विष्णुपंत छत्रे

गेल्या हिवाळ्यात आपल्या सभेची काही मंडळी मुलाबाळांसह नागझिऱ्यास गेली होती. तलावाच्या काठी बसलो असता एका लहानग्याने प्रश्न केला की, पूर्वी वाघ सर्कशीत असत, हे खरे काय? त्याला उत्तर देताना ज्या पुरुषाचे नाव आमच्या ओठी आले, त्याचे चरित्र आपल्या तरुण पिढीस ठाऊक नाही, असे दिसून आले. म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी चार पाने मागताच आम्ही हाच विषय घेतला.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म सन १८४० मध्ये सध्याच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप येथे झाला. छत्रे हे आडनाव उच्चारले की गणिती केरूनाना छत्रे आठवतात. विद्या म्हणजे ग्रंथ, आणि ग्रंथ म्हणजे प्रतिष्ठा, अशी आपल्या ज्ञातीची त्या काळची समजूत होती. विष्णुपंतांचा ओढा मात्र पुस्तकापेक्षा पशूंकडे व गाण्याकडे. ब्राह्मणाच्या मुलाने पागेत रमावे आणि खाँसाहेबांपुढे गाणे शिकण्यास बसावे, या दोहोंतले काहीच त्या काळी घरच्यांना भूषणावह वाटण्याजोगे नव्हते.

विष्णुपंत ग्वाल्हेरीस गेले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्यापाशी त्यांनी अश्वविद्येचे धडे घेतले आणि ख्यालगायकीचे थोर उस्ताद हद्दू खाँ यांच्याकडे गाण्याची तालीम घेतली. वरवर पाहता या दोन विद्यांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु आमच्या अल्पमतीस वाटते की, लय ही दोहोंची जननी आहे. घोड्याची चाल ज्याच्या कानास कळते, त्यालाच त्याच्या पाठीवर उभे राहता येते.

पुढे ते कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पागेवर होते. घोडे शिकवावे, धन्यास व पाहुण्यांस कसरती दाखवाव्या, असा क्रम चालला होता. वय चाळिशीकडे झुकले तरी कर्तृत्वाचा डंका संस्थानाच्या वेशीबाहेर गेला नव्हता.

अशात इटालियन सर्कसवाला कियारिनी आपला सरंजाम घेऊन मुंबईस आला. विष्णुपंत आपल्या धन्यासह खेळ पाहण्यास गेले. या देशात असा खेळ उभा करणारा कोणी नाही व इतक्यात होणारही नाही, अशी शेखी त्या गृहस्थाने मिरविली, आणि कोणी करून दाखवील तर बक्षीसही देऊ केले, अशी हकीकत परंपरेने सांगतात. विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सर्कस म्हणजे वाघसिंह, ही समजूत मागाहूनची. तिचा मूळ पुरुष फिलिप ॲस्टली हा इंग्रज घोडदळातील शिपाई. त्याने १७६८ साली लंडनमध्ये घोड्यांचे खेळ मांडले. वर्तुळात एकसारख्या वेगाने घोडा धावला म्हणजे स्वाराचा तोल सांभाळण्यास साहाय्य होते, हे त्यातील मर्म. रिंगणाचा व्यास बेचाळीस फूट ठरला तो याच अनुभवातून. म्हणजे परक्याने ज्या मैदानात आव्हान दिले, ते मैदान मुळात घोड्याचे होते, आणि घोडा तर विष्णुपंतांच्या हातचा!

शर्यतीत ज्या घोड्यावर कोणी रुपयाही लावीत नाही, तोच कधी कधी सर्वांस मागे टाकून खांब गाठतो. सन १८८० मध्ये तसेच घडले. अवघ्या काही महिन्यांच्या तयारीने 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. संस्थानी पागेवरचा एक मनुष्य, हाताशी भांडवल बेताचे, साथीदार नवशिके. तरीही हिंदी माणसाची पहिली सर्कस म्हणून तिचे नाव इतिहासात लागले. वीस वर्षे केलेल्या मेहनतीचे फळ वयाच्या चाळिसाव्या वर्षी पदरात पडले.

मंडळी पुढे देशभर आणि सिंहलद्वीपापर्यंत गेली. मलबारातील तेलिचेरी येथे विष्णुपंतांची कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी गाठ पडली. सर्कशीसाठी कसरतपटू घडविण्याचे काम त्या गुरुजींनी अंगावर घेतले. १९०१ साली त्यांची सर्कशीची शाळा निघाली, आणि केरळ हे या धंद्याचे माहेर बनले. महाराष्ट्रात लावलेल्या रोपाची सावली अशी दूरवर पडली.

त्यांच्या गुरुभक्तीविषयी लिहिल्यावाचून हे चरित्र अपुरे राहील. हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ पित्याच्या मृत्यूनंतर चित्तभ्रमाने दीनवाणे भटकत होते. छत्रे बंधूंनी त्यांना जवळ केले, पोसले आणि पुन्हा गाते केले. भूगंधर्व म्हणून ते गाजले, याचे श्रेय सर्कशीच्या तंबूला आहे.

विष्णुपंत २० फेब्रुवारी १९०५ रोजी निवर्तले. सर्कशीची धुरा बंधू काशिनाथपंतांकडे गेली होती. १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने सर्कशीत वाघसिंहांचे खेळ करण्यास मनाई झाली, आणि ते योग्यच झाले. नागझिऱ्याच्या रानात मोकळा फिरणारा वाघ पाहिल्यावर त्याला कोणी पिंजऱ्यात पाहू इच्छिणार नाही. विष्णुपंतांचे मोठेपण मात्र वाघावर अवलंबून नव्हते.

आम्ही आयुष्यभर मास्तरकी केली. खिडकीबाहेर गाईगुरांकडे पाहत बसणाऱ्या मुलाला आम्हीही कित्येकदा बाकावर उभे केले आहे. त्यांतला एखादा विष्णुपंत असेल, हे तेव्हा सुचले नाही. आज सुचते, आणि मन खजील होते. आपली सभा दरवर्षी परीक्षेतील गुणांवर पारितोषिके देते, ते उचितच आहे. परंतु ज्याचे गुण गुणपत्रिकेत मावत नाहीत, अशा एखाद्या मुलासाठीही एक पारितोषिक राखून ठेवावे, अशी कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे. विष्णुपंतांचे स्मारक याहून चांगले ते कोणते?