टॉनिक वॉटरमधला निळा उजेड

गेल्या दिवाळीत मुलांनी आमच्या बेसमेंटमध्ये ब्लॅकलाइट लावला, तर टॉनिक वॉटरचा ग्लास निळा चमकायला लागला! मी त्यात चमचाभर मीठ ढवळलं आणि चमक उतरली. धाकटीने विचारलं, बाबा, हे शोधलं कुणी? मला जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स आठवले. पीएच.डी.ची माझी सगळी वर्षं त्यांच्याच दोन कामांच्या मध्ये गेली.

स्टोक्स मूळचे आयर्लंडचे. १८१९ साली स्क्रीन या खेड्यात, धर्मोपदेशकाच्या घरी जन्मले. शिकायला केंब्रिजला गेले, १८४१ मध्ये गणितात पहिले आले आणि तिथलेच झाले. आपल्यासारखेच, म्हणा ना! १८४९ मध्ये एकेकाळी न्यूटन यांच्याकडे असलेलं प्राध्यापकपद त्यांना मिळालं. ते १९०३ साली मृत्यूपर्यंत त्यांच्याकडे राहिलं.

१८५१ मध्ये त्यांनी घट्ट द्रवात छोटी गोळी किती हळू पडते याचं सूत्र छापलं. १८५२ मध्ये क्विनीनच्या द्रावणाची नळी प्रिझमच्या रंगपट्ट्यातून सरकवत नेली. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ती निळी उजळली. या गुणाला फ्लुओरेसन्स हे नाव त्यांचंच. हायड्रोक्लोरिक आम्लाने हा उजेड मंदावतो, हेही त्यांनी १८६९ मध्ये नोंदवलं.

१८५७ मध्ये लग्न केलं म्हणून नियमाप्रमाणे कॉलेजची फेलोशिप गेली. नियम बदलल्यावर ती परत मिळाली. १८५४ ते १८८५ ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात ३१ वर्षं गेली, स्वतःचं संशोधन मागे पडलं.

त्यांची ती दोन कामं एकत्र आली ती विसाव्या शतकात. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी हजारो वातावरणांच्या दाबाखाली द्रव किती घट्ट होतात ते मोजलं. पुढे अँथ्रासीनसारख्या रेणूंवर प्रयोग झाले. असा रेणू उजळतो तो जेमतेम काही अब्जांश सेकंद. तेवढ्यात विझवणारा रेणू येऊन धडकला तर उजेड गेला. पण दाब वाढवला की द्रावण गुलाबजामच्या पाकासारखं घट्ट होत जातं, धडकणारा वाटेतच रेंगाळतो आणि उजेड वाचतो. किती हळू, याचा हिशेब करायला आम्ही वापरायचो स्टोक्स यांचंच सूत्र!

नंतर मी नोकरीसाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो. प्रबंध कपाटात पडून आहे. वाया गेला असं बरीच वर्षं वाटायचं. त्या रात्री मात्र तो काढून धाकटीला दाखवला. तिने दोन पानं उलटली आणि बिनमिठाचा दुसरा ग्लास भरून आणला.