न्यायमूर्ती सय्यद अमीर अली

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. आज जठारपेठेतील कुटुंब वारसा वा वक्फाचा वाद न्यायालयात नेते, तेव्हा शरीअत त्या अमदानीत घडलेल्या साच्यातूनच त्याच्यापुढे येते. इंग्रज न्यायाधीश बहुधा फिकह अनुवादातून वाचत.

कटक येथे १८४९ मध्ये जन्मलेले अमीर अली मात्र अरबी जाणत. १८९० मध्ये ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. संततीसाठी केलेला वक्फही पुण्यकर्मच होय, असा भिन्न निकाल त्यांनी दिला. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते मत नाकारले. १९०९ मध्ये त्याच कौन्सिलवर ते पहिले हिंदी सदस्य झाले. १९१३ च्या कायद्याने असा वक्फ वैध ठरला. १९२८ मध्ये ते अल्लाहच्या रहमतीत गेले.

आपल्या मुलांना फिकह शिकवा आणि कायदाही.